इनडोअर वॉटर पार्क : तीन पिढ्या एकत्र न्यायच्या आहेत, अनुभव सांगा

काठावरची
पुढच्या महिन्यात मुलांना सुट्टी आहे. बाहेर गारठा असणार, म्हणून छताखालच्या वॉटर पार्कला जायचं घाटतंय. जाणारे आम्ही पाच जण : नवरा, मी, ७ वर्षांचा मुलगा, ३ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. मुलगा वर्षभर पोहायला शिकतोय, तलावाची एक लांबी न थांबता पार करतो. मुलगी बादलीत बाहुली बुडवत तासभर बसते, पाण्याची भीती तिला ठाऊकच नाही आणि माझी झोप त्यामुळेच उडालीय. सासूबाई म्हणतात, "मी काठावर बसेन, तुम्ही खेळा." पण त्यांना नुसतं बॅगा राखायला न्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

नवरा म्हणतो, जाऊन तर बघू. मी म्हणते, आधी विचारून घेऊ. इतक्या वेगवेगळ्या वयांना एकाच जागी खरंच मजा येते का? आणि पाचांत धड पोहता येणारा नवरा एकटाच, तर कुणी कुणाकडे बघायचं?

उंच_घसरगुंडी
जा, जा, जा! आम्ही तीनदा गेलोय आणि चौथ्यांदा जाणार आहोत. फक्त मुलाची उंची घरीच मोजून घ्या. मोठ्या घसरगुंड्यांना बहुतेक ठिकाणी १२० सेंटिमीटरच्या आसपास अट असते. माझा भाचा दोन सेंटिमीटरनी राहिला होता. जिना चढून, रांगेत उभा राहून वर पोचला आणि तिथल्या रंगवलेल्या खांबापाशी त्याला थांबवलं. टाचा उंचावून बघितल्या, मान ताणून बघितली. मग आला तो सगळा जिना एकटाच उतरून. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. आधी कळलं असतं तर त्याने मनाची तयारी तरी केली असती.

दोनमुलांचीआई
ताई, एक गोष्ट आजच करा. मुलांचे पोहण्याचे कपडे निळे, पांढरे किंवा राखाडी असतील तर बदला. मी लेकाला हौसेने आकाशी रंगाचा पोशाख घेतला होता. उथळ पाण्यात, माझ्यापासून चार हातांवर खेळत होता. तो जरा वाकला आणि मला दिसेनासाच झाला. निळी फरशी, निळं पाणी, वर हलणारा उजेड. पाच सेकंद गेले असतील, पण माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून आमच्याकडे भडक नारिंगी नाहीतर गडद गुलाबी, तिसरा रंग नाही.

दुसरं, उघडायच्या वेळेला पोचा. पहिला दीड तास गर्दी कमी असते, लॉकर हवा तो मिळतो आणि धाकटीला जागेची ओळख शांतपणे होते.

जुनाजीवरक्षक
मी काही वर्षं तलावावर जीवरक्षकाचं काम केलंय. धाग्यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बुडणारं माणूस हात वर करून "वाचवा" ओरडतं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा गुपचूप बुडतं. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकी जीवरक्षकाने खऱ्या घटनांच्या चित्रफिती बघून हे मांडलं. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर आवाज कुठून निघणार? हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हलवून खूण करता येत नाही. शरीर उभंच राहतं, पाय मारले जात नाहीत. हे सगळं साधारण २० ते ६० सेकंदांत संपतं. लहान मुलांच्या बाबतीत २० सेकंदच धरून चाला. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मूल पाण्यात उभं राहून खेळतंय.

म्हणून ३ वर्षांच्या मुलीसाठी नियम एकच : हात लांबवला की ती हाताला लागली पाहिजे. "नजर आहे" एवढं पुरत नाही. गुडघाभर पाण्यातही हाच नियम.

आणि घरच्यांसाठी एक सवय. पहारा तोंडाने बोलून सोपवायचा. "आता मी बघतोय" असं एकाने म्हणायचं, दुसऱ्याने "हो, तू बघ" म्हणायचं, मगच नजर काढायची. मी पाण्यातून ओढून काढलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे दोन्ही पालक जवळच होते. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघतोय. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदला. पाळीवर असताना फोन लॉकरमध्ये, जलरोधक पिशवीतलासुद्धा.

पाणकोंबडा
वरचा प्रतिसाद वाचून त्या बिचाऱ्या जाणंच रद्द करतील हो. जीवरक्षक असतात ना तिथे जागोजागी? माझी दोन्ही मुलं दंडाला फुगे बांधून पाण्यात वाढली, काही झालं नाही. मुलांना मोकळं सोडल्याशिवाय पाण्याशी दोस्ती होत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

जुनाजीवरक्षक
@पाणकोंबडा, दोस्ती व्हावी हे मलाही वाटतं, म्हणूनच लिहितोय. दंडाचे फुगे म्हणजे खेळणं. मूल हात वर करतं आणि ओला फुगा सरकन निघतो. एक फुटला तर मूल एका बाजूला कलंडतं. अंगाला बसणारं, पायांमधून पट्टा घेतलेलं लाइफ जॅकेट घाला. अनेक पार्कांत ते तिथेच मिळतं. घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय, दुसरं मागायचं.

जीवरक्षकाबद्दल म्हणाल तर आम्हाला १०-२० शिकवतात. १० सेकंदांत आपल्या हद्दीतलं सगळं पाणी नजरेखालून घालायचं आणि कुणी संकटात दिसलं की २० सेकंदांत तिथे पोचायचं. त्याच्या हद्दीत एका वेळी कितीतरी डोकी असतात. तुमच्या मुलीवर पूर्ण लक्ष देणारं माणूस तुम्हीच.

पाणकोंबडा
पायांमधल्या पट्ट्याचं माहीत नव्हतं. धाकट्यासाठी घेतो तसं जॅकेट. मोकळं सोडण्याबद्दलचं मत मात्र कायम आहे, फक्त हाताच्या अंतरावर राहून सोडेन.

शांतनदी
सासूबाईंबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझी आई ६८ची असताना तिला घेऊन गेले होते. तीही हेच म्हणत होती, काठावर बसते. तिला लेझी रिव्हरमध्ये बसवलं. लेझी रिव्हर म्हणजे वळणावळणाचा उथळ कालवा. पंपाने पाण्याला हलकी ओढ दिलेली असते आणि आपण मोठ्या ट्यूबमध्ये बसून वाहत राहायचं. पहिल्या फेरीला तिने ट्यूबचे दोन्ही कान घट्ट धरले होते, बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या फेरीला एक हात पाण्यात सोडला. तिसऱ्या फेरीला डोळे मिटून, मान मागे टाकून पडली होती. मी बाजूने चालत होते तर म्हणाली, "तू जा, मला एकटीला फिरू दे."

अवघड असतं ते ट्यूबमध्ये बसणं आणि उठणं, तरंगणं नाही. पायऱ्या आणि कठडा असलेल्या जागीच बसवा. एकाने ट्यूब मागून धरायची, दुसऱ्याने समोरून हात द्यायचा. उतरताना घाई करू नका, एक फेरी जास्त झाली तरी चालेल.

पायांत रबरी तळाचे, पाण्यात चालणारे बूट हवेतच. ओल्या फरशीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकला तर पुढचे कित्येक महिने जातात. कपड्यांचंही आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. ते पाणी पिऊन जड होतात, धागे सुटून गाळणीत अडकतात. लांब बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. आईला तो घातल्यावर संकोच वाटला नाही.

काठावरची
@शांतनदी, वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण "तो पोशाख कुठल्या रंगात मिळतो" म्हणून विचारलं.

@जुनाजीवरक्षक, पाळीची पद्धत आजपासून घरात सुरू केली, न्हाणीघरापासूनच.

एक शंका. मागे एकदा मैत्रिणीबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते, तिथे शिरताक्षणी क्लोरीनचा वास नाकात बसला आणि मुलगा खोकायला लागला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून जास्त टाकतात का? सवय होते का त्याची?

रसायनी
या प्रश्नासाठी कधीची थांबले होते! ताई, उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज उलटा आहे. नीट राखलेल्या पाण्याला फारसा वास येत नाही. क्लोरीनची गाठ घामाशी, लघवीशी, अंगावरच्या मळाशी पडली की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकाला झोंबतात ती हीच. डोळे लाल होणं, खोकला, घशात खवखव, सगळं यांच्यामुळे.

उघड्यावर ती वाऱ्याने निघून जातात. छताखाली ती पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतात, कारण ती हवेपेक्षा जड असतात. लहान मुलाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. म्हणून तुमचा मुलगा खोकला आणि तुम्हाला नुसता वास आला.

उपाय दोन. पार्कवाल्यांनी बाहेरची ताजी हवा पुरेशी आत घ्यायची, हे त्यांच्या हातात. आपल्या हातात आहे ते म्हणजे पाण्यात उतरण्याआधी एक मिनिटभर शॉवर. तेवढ्याने अंगावरचं बरंचसं निघून जातं. आणि मुलांना दर तासाला शू करायला नेणं. आत शिरल्यावर डोळे चुरचुरायला लागले तर सवय व्हायची वाट बघू नका. तिथल्या माणसाला सांगा आणि थोडा वेळ बाहेर बसा. दमा असलेल्यांनी तर नक्कीच.

उंच_घसरगुंडी
म्हणजे मी इतकी वर्षं "वा, काय स्वच्छ वास आहे" म्हणत होतो तो... अरे देवा. पुढच्या वेळी आमची सगळी फौज शॉवरखालून जाणार.

इमारतवेडा
@रसायनी यांनी हवेचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर. अशा इमारतींत हवा पाण्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी गरम ठेवतात. हवा गार असेल तर पाण्याची वाफ जास्त होते, भिंती-छत ओलं राहतं आणि बाहेर आलेलं मूल कुडकुडतं. क्लोरामाइनयुक्त दमट हवा धातूही खाते. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली. ते ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना टांगलं होतं, त्या क्लोरीनपासून होणाऱ्या क्लोराइडमुळे आतून तडकल्या होत्या. त्या घटनेनंतर अशा ठिकाणी कुठलं पोलाद वापरायचं, याकडे जगभर नव्याने बघितलं गेलं.

आता आनंदाचं. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला ट्रॉपिकल आयलंड्स नावाचं छताखालचं वॉटर पार्क आहे, २००४ साली सुरू झालं. मुळात तो महाकाय मालवाहू हवाई जहाजांसाठी (विमानं नव्हेत, हलक्या वायूने तरंगणारी फुगीर जहाजं) बांधलेला हँगर, म्हणजे ती ठेवायची शेड. ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद, १०७ मीटर उंच. कंपनी बुडाली, जहाज कधी झालंच नाही, आणि त्या पोकळीत लोकांनी झाडं लावली, किनारा केला. जपानमध्ये मियाझाकीला ओशन डोम नावाचा असाच पार्क होता, १९९३ ते २००७. त्याचं छत सरकवून उघडता यायचं आणि खरा समुद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं, ज्यांना वाटलं की वर्षाचे बाराही महिने मुलांना लाटांत खेळता यावं.

पाणकोंबडा
लाटांवरून आठवलं. त्या लाटा करतात कशा? माझ्या धाकट्याचं म्हणणं आहे की भिंतीमागे एक देवमासा ठेवलाय आणि तो दर थोड्या वेळाने कूस बदलतो.

इमारतवेडा
देवमाशाचा पत्ता बरोबर आहे! खोल टोकाच्या भिंतीमागे कप्पे असतात. पंख्याने त्यांत हवा दाबून भरतात, आतलं पाणी खाली ढकललं जातं, मग हवा सोडतात, पाणी परत वर येतं. हे ठरावीक तालात केलं की लाट उठते. देवमासा कूस बदलतो तसंच.

जुनाजीवरक्षक
आणि लाट फुटते ती उथळ कडेला. खोल पाण्यात नुसतं वर-खाली झुलायला होतं, पण गुडघाभर पाण्यात उभ्या मुलाला ती पाडते. लाटा सुरू होण्याआधी भोंगा किंवा घंटा वाजते. ती वाजली की धाकटीला कडेवर घ्या किंवा पाण्याबाहेर या.

नादआई
घंटेचं निघालं म्हणून लिहिते. माझ्या मुलाला मोठे आवाज सहन होत नाहीत. बंदिस्त पार्कात काच, काँक्रीट आणि पाणी, तिन्ही आवाज परतवतात. किंकाळ्या, धबधबा, वरून ओतणारी ती मोठी बादली, सगळं एकात एक मिसळून गरगरतं. पहिल्या वेळी दहाव्या मिनिटाला तो कान दाबून लॉकरच्या कोपऱ्यात बसला आणि आम्ही घरी आलो. मी रस्ताभर रडले. आपण याला कुठे न्यावं आणि कुठे नेऊ नये, तेच कळेना.

तीन महिन्यांनी परत गेलो. या वेळी आधी फोन करून विचारलं की सगळ्यात कमी माणसं कधी असतात. कानात पोहण्याची बुचं घातली. आणि पाण्यात न उतरता आधी त्या बादलीसमोर लांब बसलो. ती भरते, कलते, ओतते, परत भरते. तो मोजायला लागला. चौथ्या वेळी ओतायच्या आधीच "आता" म्हणाला, आणि बरोबर तेव्हाच ती कलंडली. माझ्याकडे वळून बघितलं त्याने. त्यानंतर बादली त्याची झाली. शेवटी तिच्याखाली उभा राहिला, कान दाबून, पण हसत.

काठावरची ताई, तुमची धाकटी पहिल्यांदाच जातेय. पाण्याला घाबरत नसली तरी आवाजाला बिचकू शकते. शिरल्या शिरल्या पाण्यात नेऊ नका, आधी बसू द्या.

दोनमुलांचीआई
@नादआई, तुम्हाला आणि त्या बादलीच्या मालकाला खूप प्रेम.

डोळसपणे
तब्येतीचं थोडक्यात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका, त्यांच्याखाली जंतू अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होतो. बाहेर आल्यावर मान कलती करून कानांतलं पाणी काढा आणि टॉवेलने टिपा, आत काही घालू नका. घरात कुणाला जुलाब होत असतील तर बेत पुढे ढकला. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगतो. तो झाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. पोहण्याचा डायपर जुलाब अडवत नाही, तो तासातासाला बघा आणि पाण्यापासून लांब जाऊन बदला.

गरम पाण्याच्या टबात धाकटीला नको. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की मूल "नाही नाही" म्हणालं तरी बाहेर काढा. पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने अंगातली ऊब नेतं आणि लहान अंगातून ती आणखी लवकर जाते.

उंच_घसरगुंडी
माझ्या खात्यातलं एक राहिलं. घसरगुंडीवर पाठीवर झोपायचं, पाय पुढे, घोटे एकमेकांवर, हात छातीवर घट्ट. शेवटी पाणी जोरात शरीरात घुसतं ते यामुळे अडतं. आणि खाली पोचल्यावर तिथेच उभं राहून हसायचं नाही, लगेच बाजूला व्हायचं. मागून कुणीतरी येतच असतं.

काठावरची
जाऊन आलो! काल परत आलो, आज सगळे उशिरापर्यंत झोपलेत, म्हणून निवांत लिहितेय.

धाकटी खरंच आवाजाने बिचकली. @नादआई, तुमचं ऐकून आम्ही वीस मिनिटं नुसतं बसलो. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. आधी तिने टॉवेलातून एक पाय बाहेर काढला, अंगठा ओल्या फरशीला लावला, आत घेतला. मग दुसरा. मग स्वतःच उठली. नारिंगी पोशाख, पट्टेवालं जॅकेट, आणि माझं एक बोट तिच्या मुठीत. दिवसभरात ते बोट तिने तीनदाच सोडलं असेल.

"आता मी बघतेय", "हो, तू बघ" आम्ही इतक्या वेळा म्हटलं की दुपारनंतर शेजारचं एक जोडपंही म्हणायला लागलं. एकदा नवऱ्याने उत्तर न घेताच वळायला सुरुवात केली, तर मुलगाच ओरडला, "बाबा, आई हो म्हणाली नाहीये!"

सासूबाई गडद जांभळा पोशाख घालून आल्या. पहिल्या फेरीला मी आणि नवरा दोन बाजूंना. सातव्या फेरीला त्यांनी शेजारच्या ट्यूबमधल्या एका आजींशी मैत्री केली होती आणि दोघी हात धरून वाहत होत्या. बॅगांपाशी कुणीच बसलं नाही, त्या लॉकरमध्येच राहिल्या.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मलाच मिळालं. सगळ्यांना एकाच जागी मजा आली नाही, प्रत्येकाची जागा वेगळी होती. पण तासाला एकदा उथळ पाण्यात एकत्र यायचं ठरवलं होतं, आणि तो अर्धा तास सगळ्यांत छान गेला. चार तासांत निघालो. मुलगी गाडीत बसताच झोपली, मुठीत माझं बोट तसंच.

मुलगा मात्र मोठ्या घसरगुंडीला राहिला. घरीच मोजलं होतं, त्यामुळे रडला नाही, लहान घसरगुंडीवर अठरा वेळा गेला. पण आल्या आल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून घेतली.

शांतनदी
दोघी हात धरून वाहत होत्या! हे आईला आत्ता फोन करून सांगते.

उंच_घसरगुंडी
किती भरला? चपला काढून मोजलंत ना?

काठावरची
चपला काढून, डोक्यावर वही आडवी धरून. ११८. जेवायला बसायच्या आधी परत मोजायला लावली. ११८च.